वैज्ञानिक संगणनासाठी संगणकीय भाषेचे अध्ययन : तेल्हारा परिसरातील महाविद्यालयीन अध्यापनाच्या संदर्भात

सारांश

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला संगणकीय भाषा शिकविली जाते, परंतु त्या भाषेने स्वतःच्या विषयातील गणित सोडविण्याची क्षमता त्याच्यात निर्माण होतेच असे नाही. प्रस्तुत लेखात वैज्ञानिक संगणनासाठी कोणती भाषा निवडावी, तिच्या अध्ययनाचा क्रम कोणता असावा आणि त्यात कोणत्या चुका घडतात याचा विचार केलेला आहे. स्पष्टीकरणासाठी तेल्हारा तालुक्याला परिचित असलेला खारपाणपट्ट्यातील पाण्याचा प्रश्न उदाहरण म्हणून घेतला आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या अडचणींचा परामर्श घेऊन ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांना उपयुक्त ठरतील अशा काही सूचनाही केल्या आहेत.

१. प्रस्तावना

अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी तेल्हारा तालुका वसलेला आहे. उत्तरेकडे डोंगरउतार, वान नदीचे खोरे आणि दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अशी येथील भूरचना आहे. कपाशी, तूर, सोयाबीन आणि हरभरा घेणाऱ्या या भागातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बहुधा शेतकरी कुटुंबातील आणि मराठी माध्यमाचा असतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन तो पदवीला प्रवेश घेतो आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून संगणकाची ओळख करून घेतो.

ही ओळख अनेकदा प्रयोगवहीपुरतीच राहते. फळ्यावरील आज्ञावली वहीत उतरविली जाते, तीच संगणकावर टंकलिखित होते, पडद्यावर अपेक्षित उत्तर आले की स्वाक्षरी मिळते. परीक्षेत तीच आज्ञावली पाठांतराने लिहिली जाते. याच विद्यार्थ्याला पुढे रसायनशास्त्राच्या प्रयोगात वीस नमुन्यांचे निष्कर्ष काढावयाचे झाल्यास तो कॅल्क्युलेटर घेऊन बसतो. संगणकीय भाषा आणि विज्ञानाचा प्रयोग यांची गाठ त्याच्या मनात पडलेलीच नसते.

ही गाठ घालून देणे हेच वैज्ञानिक संगणनाच्या अध्यापनाचे मुख्य कार्य होय. वैज्ञानिक संगणन म्हणजे निसर्गातील किंवा प्रयोगातील प्रश्न संख्यांच्या रूपात मांडून, संगणकाच्या साहाय्याने तो सोडविणे आणि आलेल्या उत्तराची विश्वासार्हता तपासणे. या व्याख्येतील अखेरचा भाग सर्वांत महत्त्वाचा असून अध्यापनात नेमका तोच दुर्लक्षिला जातो.

२. लेखाची उद्दिष्टे

१) वैज्ञानिक संगणनाच्या भाषांचा विकास संक्षेपाने मांडणे.
२) पदवी स्तरावर प्रारंभासाठी योग्य भाषेच्या निवडीचे निकष स्पष्ट करणे.
३) स्थानिक उदाहरणाद्वारे आज्ञावली लेखनाची प्रक्रिया व त्यातील चुकांचे स्वरूप दाखविणे.
४) मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अध्यापनाचा क्रम सुचविणे.

३. पार्श्वभूमी : फोर्ट्रानपासून पायथॉनपर्यंत

विज्ञानाचे गणित लिहिण्यासाठी घडविलेली आणि सर्वत्र रूढ झालेली पहिली भाषा म्हणजे फोर्ट्रान होय. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीत तयार झालेली ही भाषा १९५७ मध्ये उपलब्ध झाली. तिच्या नावातच सूत्रांचे भाषांतर हा अर्थ सामावलेला आहे. शास्त्रज्ञाने सूत्र जवळजवळ कागदावरच्याप्रमाणे लिहावे आणि यंत्राने त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करून घ्यावे, ही कल्पना त्या काळात क्रांतिकारक होती.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातच बांधण्यात आलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास टिफ्रॅक हे नाव दिले. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या पिढीतील संशोधकास आपली आज्ञावली पंच केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याच्या रूपात द्यावी लागे. एका स्वल्पविरामाची चूक झाली तरी पुन्हा पाळी येईपर्यंत थांबणे भाग असे. त्यामुळे आज्ञावली यंत्राकडे सोपविण्यापूर्वी कागदावर काळजीपूर्वक तपासण्याची शिस्त त्या पिढीला आपोआप लागली.

पुढे १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये तेथे परम ८००० हा महासंगणक सिद्ध झाला. या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातीलच मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या गावचे. वऱ्हाडातील एका खेड्यात जन्मलेल्या व्यक्तीने देशाच्या महासंगणनाचा पाया घातला, ही बाब तेल्हाऱ्याच्या विद्यार्थ्यास सांगण्याजोगी आहे. मात्र ती केवळ अभिमानापुरती सांगून थांबू नये. महासंगणकाला काम सांगावयाचे तर संगणकीय भाषाच लागते, आणि त्या भाषेचा पहिला धडा गावाच्या महाविद्यालयातही गिरविता येतो, हे त्यातून विद्यार्थ्याच्या मनावर ठसविले पाहिजे.

याच सुमारास परदेशात नव्या भाषा उदयास येत होत्या. अमेरिकेतील क्लीव्ह मोलर यांनी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी रचलेल्या मॅटलॅबचे १९८४ मध्ये व्यावसायिक उत्पादन झाले. फ्रान्समधील इन्रिया संस्थेत सायलॅब तयार झाले. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी संख्याशास्त्रासाठी आर ही भाषा निर्माण केली. नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस पायथॉन रचण्यास प्रारंभ केला व १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. पायथॉन ही मुळात विज्ञानासाठी घडविलेली भाषा नव्हती. ते सामर्थ्य तिला पुढे जोडलेल्या ग्रंथालयांनी दिले. २००१ मध्ये सायपाय, २००३ मध्ये आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब आणि २००६ मध्ये नमपायची पहिली पूर्ण आवृत्ती आली. वापरकर्त्या शास्त्रज्ञांनीच ही साधने लिहिली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली.

४. भाषेची निवड : काही निकष

कोणती भाषा सर्वश्रेष्ठ, या वादात अध्यापकाने गुंतण्याचे कारण नाही. पदवी स्तरावरील निवडीसाठी पुढील चार निकष पुरेसे आहेत.

पहिला निकष खर्चाचा आहे. विद्यार्थ्याला शिकविलेले साधन त्याला घरीही कायदेशीरपणे वापरता आले पाहिजे. परवान्याचे शुल्क भरता येत नाही म्हणून अनधिकृत प्रत वापरावयाची, ही सवय शिक्षणसंस्थेतून लागणे योग्य नव्हे. पायथॉन, आर, सायलॅब, ऑक्टेव्ह आणि ज्युलिया ही साधने विनामूल्य व मुक्त स्रोत आहेत.

दुसरा निकष वाचनीयतेचा होय. पायथॉनमध्ये आज्ञांचे गट समासावरून, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून ठरतात. त्यामुळे नीटनेटके लिहिणे ही शिष्टाचाराची बाब न राहता व्याकरणाचा नियमच बनते. सी भाषेतील महिरपी कंस आणि अर्धविराम यांच्या जंजाळात नवशिका अडखळतो, तसा तो येथे अडखळत नाही.

तिसरा निकष विषयाशी असलेल्या नात्याचा आहे. संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र व सामाजिक शास्त्रांतील सर्वेक्षणे यांसाठी आर अत्यंत सोयीची आहे. व्यूहांच्या बीजगणितासाठी आणि अभियांत्रिकीतील गणितासाठी सायलॅब व ऑक्टेव्ह उपयुक्त आहेत. हवामानाच्या मोठ्या प्रतिरूपांत आजही फोर्ट्रानचा वापर होतो. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या ज्युलियाच्या निर्मात्यांमध्ये विरल शहा या भारतीयाचा समावेश असून, वाचनसुलभता व वेग यांची सांगड घालण्याचा प्रयत्न तिच्यात आहे.

चौथा निकष अध्ययनसाहित्याच्या उपलब्धतेचा. केंद्र शासनाच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय शिक्षण मोहिमेच्या साहाय्याने मुंबईच्या आयआयटीत फॉसी हा प्रकल्प उभा राहिला. सायलॅब आणि पायथॉन यांचा महाविद्यालयांतून प्रसार करणे हे त्याचे एक प्रमुख कार्य आहे. पाठ्यपुस्तकातील सोडविलेली उदाहरणे आज्ञावलीच्या रूपात लिहून ती सर्वांसाठी खुली करण्याचा त्याचा उपक्रम विशेष लक्षणीय आहे, कारण तो विद्यार्थ्यांच्याच हातून पार पडतो. त्याच संस्थेतील प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखालील स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. तेथीलच प्रा. प्रभू रामचंद्रन यांनी निर्माण केलेले मायावी हे त्रिमितीय चित्रणाचे पायथॉन साधन जगभर वापरले जाते.

या चारही निकषांचा एकत्रित विचार करता बहुविषयक महाविद्यालयात प्रारंभ पायथॉनने करणे आणि विषयाच्या गरजेनुसार आर किंवा सायलॅबकडे वळणे, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. एक भाषा समजून शिकलेल्या विद्यार्थ्यास दुसरी आत्मसात करणे फारसे अवघड जात नाही.

५. एक उदाहरण : खारपाणपट्ट्यातील पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. येथील भूजलात क्षारांचे प्रमाण अधिक असल्याने विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी ओलितास योग्य आहे काय, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे सदैव उभा असतो. पाण्यातील सोडियमचे प्रमाण कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या तुलनेत वाढले की काळ्या जमिनीची घडण बिघडते, तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. याचे एक मापक म्हणजे सोडियम अधिशोषण गुणोत्तर, ज्याचा उल्लेख प्रयोगशाळेच्या अहवालात एसएआर असा असतो.

सूत्र सोपे आहे. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज करावी, तिला दोनने भागावे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्या वर्गमुळाने सोडियमला भागावे. मात्र तिन्ही राशी मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या एककात असणे अनिवार्य आहे. प्रयोगशाळेचे आकडे पुष्कळदा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतात. तेव्हा प्रत्येक आकड्यास त्या मूलद्रव्याच्या समतुल्य भाराने भागावे लागते. हा भार सोडियमसाठी सुमारे २३, कॅल्शियमसाठी सुमारे २० आणि मॅग्नेशियमसाठी सुमारे १२.१५ इतका आहे.

समजा, अध्यापनासाठी कल्पिलेल्या एका नमुन्यात सोडियम ५५२, कॅल्शियम ४० आणि मॅग्नेशियम ७२.९ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. रूपांतरानंतर हे आकडे अनुक्रमे २४, २ आणि ६ होतात. कॅल्शियम व मॅग्नेशियमची बेरीज ८, तिची निमपट ४, वर्गमूळ २ आणि म्हणून गुणोत्तर १२ येते. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणानुसार १० पर्यंतचे गुणोत्तर कमी धोक्याचे, १० ते १८ मध्यम, १८ ते २६ अधिक आणि त्यापुढील अत्यधिक धोक्याचे मानले जाते. सबब हे पाणी मध्यम धोक्याच्या वर्गात पडते.

आता हेच गणित विद्यार्थ्याने आज्ञावलीत लिहिताना काय घडू शकते, ते पाहू. एका विद्यार्थ्याने एककांचे रूपांतर करावयाचे विसरून मूळ आकडे सूत्रात घातले. संगणकाने कोणतीही तक्रार न करता सुमारे ७३.५ हे उत्तर दिले. दुसऱ्याने रूपांतर केले, पण कंस चुकीच्या जागी दिला. दोनने भागण्याची क्रिया वर्गमुळाच्या आत राहण्याऐवजी बाहेर गेली. त्याचे उत्तर सुमारे ४.२ आले. तिसऱ्याने सर्व बरोबर लिहिले व १२ मिळविले. तिन्ही आज्ञावली व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत आणि तिन्ही चालतात.

यांपैकी पहिली चूक तुलनेने निरुपद्रवी आहे, कारण ७३.५ हा आकडा इतका अवाजवी आहे की जाणकाराच्या तो तत्काळ ध्यानात येतो. खरी घातक आहे ती दुसरी. ४.२ हा आकडा सर्वथा संभवनीय वाटतो. त्यावर विसंबून मध्यम धोक्याचे पाणी कमी धोक्याचे ठरविले जाईल आणि एखादा शेतकरी ते निश्चिंतपणे जमिनीला देत राहील. एका कंसाची किंमत अशी जमिनीला चुकवावी लागू शकते. प्रत्यक्ष सल्ला देताना केवळ या गुणोत्तरावर निर्णय घेता येत नाही. पाण्याची विद्युतवाहकता, जमिनीचा प्रकार व निचरा यांचाही विचार करावा लागतो आणि त्यासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या तज्ज्ञ संस्थेचे मार्गदर्शन घेणे इष्ट ठरते. तथापि त्या सल्ल्याचा आधार असलेले गणित बरोबर असणे ही पहिली अट आहे.

या उदाहरणातून एक नियम स्पष्ट होतो. ज्याचे उत्तर हाताने काढून ठेवले आहे अशा किमान एका नमुन्यावर आज्ञावली पडताळल्याखेरीज तिचे दुसरे कोणतेही उत्तर स्वीकारू नये. पडताळणी झाली की मात्र तीच आज्ञावली तीनशे विहिरींच्या आकड्यांवर चालविता येते. यंत्राचा खरा लाभ तेथून सुरू होतो.

६. यंत्रातील संख्यांचे स्वरूप

आज्ञावली बरोबर असूनही उत्तरात सूक्ष्म फरक पडण्याचे आणखी एक कारण आहे. पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली असता तो ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देतो. विद्यार्थ्याला हा यंत्राचा दोष वाटतो. वस्तुस्थिती अशी की संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवितो. ज्याप्रमाणे दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ ची मालिका कधीच संपत नाही, त्याप्रमाणे द्विमान पद्धतीत एक दशांशाची मालिका संपत नाही. मर्यादित जागेत ती कोठेतरी तोडावी लागते.

हा तोडलेला अंश नगण्य वाटला तरी साचत गेल्यास अनर्थ घडवितो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. काळ एक दशांश सेकंदाच्या एककात मोजताना राहिलेली त्रुटी सुमारे शंभर तासांत एक तृतीयांश सेकंदापर्यंत वाढली होती. दोन अपूर्णांक तंतोतंत समान आहेत काय असे यंत्रास न विचारता, त्यांतील फरक ठरावीक मर्यादेपेक्षा कमी आहे काय असे विचारावे, हा त्यातून मिळणारा धडा आहे.

अचूकतेचा विचार करताना गणिताच्या प्राध्यापकास दोनच्या वर्गमुळाचे उदाहरण घेता येईल. न्यूटनच्या रीतीने एकपासून सुरुवात करून प्रत्येक वेळी ती संख्या आणि दोनला त्या संख्येने भागून येणारी संख्या यांची सरासरी घ्यावी. क्रमाने ३/२, १७/१२ आणि ५७७/४०८ ही उत्तरे येतात. तिसरे उत्तर पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात दोनच्या वर्गमुळाची जी आसन्न किंमत दिली आहे, तीही नेमकी ५७७/४०८ इतकीच होते. चार-पाच ओळींच्या आज्ञावलीतून विद्यार्थी एका प्राचीन निष्कर्षापर्यंत पोहोचतो आणि आवर्तन म्हणजे काय, ते थांबवावे केव्हा, याचे त्यास सहज आकलन होते.

७. अध्ययनाचा क्रम

पारंपरिक अध्यापनात भाषेचे सर्व नियम आधी आणि उपयोग शेवटी असा क्रम असतो. वैज्ञानिक संगणनात तो उलटा करणे हितावह ठरते. त्यासाठी पुढील टप्पे सुचविता येतील.

पहिल्या टप्प्यात संगणक बंद ठेवून कागदावर पायऱ्या लिहाव्यात. कोणती माहिती दिलेली आहे, काय काढावयाचे आहे, एकके कोणती, हे मराठीत स्पष्ट लिहिता आले की अर्धे काम पूर्ण होते.

दुसऱ्या टप्प्यात पायथॉनचा वापर निव्वळ गणकयंत्र म्हणून करावा. चल म्हणजे काय, पूर्णांक व अपूर्णांक यांत यंत्र कसा भेद करते, हे येथे कळते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीत सातला दोनने भागले असता तीन हे उत्तर येई, तिसऱ्या आवृत्तीत साडेतीन येते. दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी समाप्त झाला असून ग्रंथालयातील जुनी पुस्तके वापरताना हा फरक विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून द्यावा.

तिसऱ्या टप्प्यात अट व आवर्तन शिकवावे. देवळालीचे शिक्षक व गणिती द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ हा स्थिरांक यासाठी आदर्श आहे. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी व ही कृती पुन्हा पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ मधून २३४५ वजा जाता ३०८७, पुढे ८७३० मधून ०३७८ वजा जाता ८३५२ आणि नंतर ८५३२ मधून २३५८ वजा जाता ६१७४ मिळते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ही संख्या येतेच. आरंभीची शून्ये धरून अशा एकूण ९,९९० संख्या होतात. त्या सर्व तपासणे माणसाला कंटाळवाणे असले तरी यंत्रास क्षणाचे काम आहे. विशेष म्हणजे ३०८७ चे अंक मांडताना आलेले शून्य गाळले तर आज्ञावली चुकते, आणि ती चूक शोधण्यातच खरे शिक्षण आहे.

चौथ्या टप्प्यात नमपायच्या साहाय्याने संख्यांच्या सारण्या हाताळाव्यात. दहा लाख संख्यांवर एकेक करून क्रिया करण्यापेक्षा संपूर्ण सारणीवर एकदम क्रिया सांगितल्यास काम कित्येक पटींनी लवकर होते, कारण आतील आवर्तन सी भाषेत आधीच संकलित केलेले असते. पायथॉनमध्ये सारणीतील पहिल्या घटकाचा क्रमांक शून्य असतो, तर सायलॅब, आर व फोर्ट्रानमध्ये सामान्यतः एक असतो, हेही येथे सांगणे अगत्याचे आहे.

पाचव्या टप्प्यात फाईलमधून आकडे वाचणे व आलेख काढणे यावे. तालुक्याच्या पावसाच्या नोंदी, विहिरींची पाणीपातळी, महाविद्यालयाच्या परिसरातील तापमान अशी स्वतः जमविलेली आधारसामग्री वापरल्यास विद्यार्थ्यास आकड्यांमागील वास्तव ठाऊक असते. आलेखात एखादा बिंदू विचित्र ठिकाणी दिसला तर तो निसर्गाचा चमत्कार आहे की नोंदीतील चूक, हे तो स्वतः जाऊन पाहू शकतो.

येथपर्यंत आलेल्या विद्यार्थ्यास मोठ्या विज्ञानाचे दारही उघडे होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदल्या गेलेल्या गुरुत्वीय लहरींची आधारसामग्री सर्वांसाठी खुली असून तिच्या विश्लेषणाचे पाठ पायथॉनमध्येच उपलब्ध आहेत. अशा लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून वेगळा करण्याच्या पद्धतीत पुण्याच्या आयुका संस्थेतील प्रा. संजीव धुरंधर यांचे मौलिक योगदान आहे. लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. वऱ्हाडाच्या शेजारच्या जिल्ह्यात होणाऱ्या या प्रकल्पातील आकड्यांची भाषा येथील विद्यार्थ्यास अवगत असणे अशक्य नाही.

८. मराठी माध्यम आणि संगणकीय भाषा

संगणकीय भाषेची भीती ही पुष्कळदा इंग्रजीचीच भीती असते. वस्तुतः पायथॉनमधील राखीव शब्द सुमारे ३५ इतकेच आहेत आणि प्रारंभी त्यांतील दहा-बारा पुरतात. विद्यार्थ्याची अडचण या शब्दांत नसून चूक दाखविणाऱ्या संदेशात असते. लाल अक्षरांतील आठ-दहा ओळी पाहून तो गोंधळतो व प्राध्यापकास हाक मारतो. पायथॉनचा चूक-संदेश खालून वर वाचावा, हे एवढे सांगितले तरी पुरे. अखेरच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि तिच्या वर चूक घडलेल्या ओळीचा क्रमांक असतो. नेहमी येणाऱ्या पंधरा-वीस संदेशांचा मराठी अर्थ देणारा तक्ता प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावल्यास ही भीती पुष्कळ अंशी दूर होते.

पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांची नावे देवनागरीतही देता येतात, हे फारसे ज्ञात नाही. सोडियम, क्षारता, पाऊस अशी नावे दिलेली आज्ञावली विनासायास चालते. मराठी अंकांत टंकलेला मजकूर संख्येत रूपांतरित करण्याची सोयही आहे, मात्र आज्ञावलीत थेट लिहावयाच्या संख्या इंग्रजी अंकांतच असाव्या लागतात. आरंभीच्या आठवड्यांत अशी नावे वापरून विषय समजला की पुढे जागतिक पातळीवर देवाणघेवाण सुलभ व्हावी म्हणून रोमन नावांकडे वळावे. आज्ञावलीतील स्पष्टीकरणाच्या टिपा मात्र मराठीत लिहिण्यास कोणताही प्रत्यवाय नाही. ज्याला टीप स्वतःच्या शब्दांत लिहिता येते, त्याला आज्ञावली समजलेली असते.

९. अडचणी व सूचना

संगणकांची अपुरी संख्या, खंडित वीजपुरवठा व इंटरनेटची मंद गती या ग्रामीण महाविद्यालयांच्या परिचित अडचणी आहेत. त्यांवर काही अंशी मात करता येते. पायथॉन व तिची मूलभूत ग्रंथालये एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. जुन्या संगणकांवर लिनक्स कार्यप्रणाली बसवून ते वापरात ठेवता येतात. दोन विद्यार्थ्यांनी एका संगणकावर काम करताना एकाने लिहावे व दुसऱ्याने तपासावे अशी विभागणी केल्यास टंचाईचेही शैक्षणिक साधनात रूपांतर होते.

अलीकडे एक नवा प्रश्न उपस्थित झाला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात आज्ञावली लिहून देऊ लागली. मग शिकावे कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो टाळून चालणार नाही. त्याचे उत्तर पाण्याच्या उदाहरणातच आहे. यंत्राने लिहून दिलेल्या आज्ञावलीतही कंस चुकू शकतो, एकक राहून जाऊ शकते. १२ आणि ४.२ यांतील योग्य उत्तर कोणते, हे ओळखण्याची जबाबदारी त्या निष्कर्षाखाली स्वाक्षरी करणाऱ्या व्यक्तीवरच राहते. आयती मिळालेली आज्ञावली प्रयोगवहीत उतरविणे हे फळ्यावरून उतरविण्याचेच नवे रूप होय. म्हणून मूल्यमापनाचे स्वरूप बदलणे आवश्यक आहे.

या दृष्टीने पुढील सूचना करता येतील.

१) प्रात्यक्षिक परीक्षेत नवी आज्ञावली लिहिण्याबरोबरच हेतुपुरस्सर चूक ठेवलेली आज्ञावली दुरुस्त करण्यास द्यावी.
२) प्रत्येक आज्ञावलीसोबत हाताने सोडविलेला एक नमुना जोडणे बंधनकारक करावे.
३) २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना दिलेल्या स्थानाचा लाभ घेऊन रसायनशास्त्र, भूगोल, गणित व संगणकशास्त्र विभागांनी एकत्रितपणे लहान प्रकल्प आखावेत.
४) प्राध्यापकांनी आपापल्या विषयातील एक तरी गणित स्वतः आज्ञावलीत लिहून पाहावे. विज्ञानेतर शाखांतील सर्वेक्षणांसाठीही हे तितकेच उपयुक्त आहे.
५) विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या व पडताळलेल्या आज्ञावली विभागात जतन कराव्यात, जेणेकरून पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांना तेथून पुढे जाता येईल.

१०. निष्कर्ष

वैज्ञानिक संगणनासाठी भाषा शिकणे म्हणजे आज्ञा पाठ करणे नव्हे. प्रश्नाची मांडणी, एककांची दक्षता, अचूकतेची मर्यादा आणि उत्तराची पडताळणी या चार सवयी लागणे म्हणजे ते शिकणे होय. भाषा कालांतराने बदलतात. फोर्ट्रान शिकलेल्या पिढीनंतर सी आणि त्यानंतर पायथॉन शिकणारी पिढी आली, पुढे आणखी एखादी येईल. या सवयी मात्र कार्डांच्या गठ्ठ्यापासून आजपर्यंत त्याच राहिल्या आहेत.

तेल्हाऱ्यासारख्या ठिकाणी या अध्ययनास विशेष अर्थ आहे. येथील विद्यार्थ्याच्या घरच्या विहिरीचे पाणी, त्याच्या शिवारातील पाऊस आणि जमीन हेच त्याच्या प्रयोगाचे विषय होऊ शकतात. आपल्या विहिरीच्या पाण्याचा अहवाल स्वतः वाचून, त्याचे गणित स्वतः मांडून आणि पडताळून जो विद्यार्थी वडिलांना त्याचा अर्थ समजावून सांगू शकेल, त्याच्यापुरते हे अध्यापन सार्थकी लागले असे म्हणता येईल.